सांडलेल्या लोंब्या

तरुणांनी गरिबांसाठी काय करावं, यावर बोलायला मला अजूनही शाळा-कॉलेजांत बोलावतात. दरवेळी मी आमच्या मंडळाने गोळा केलेल्या धानाची गोष्ट सांगतो आणि पोती भरली, तिथे थांबतो. मुलं टाळ्या वाजवतात. त्यापुढचं सांगणं मी आजवर टाळत आलो. आता म्हातारा झालो, म्हणून उरलेलं लिहून ठेवतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, करडी गावाच्या बाजूचं, तळ्याखालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान पिकवणारं. कापणी होऊन भारे खळ्यावर गेले की रिकाम्या बांधीत गळालेल्या लोंब्या पडून राहत. त्याला सरवा म्हणत. ज्याला स्वतःची बांधी नाही, त्याने तो वेचायचा. मालकाने त्यासाठी वाकायचं नाही, असा रिवाज. कुणी देत नसे, कुणी मागत नसे, म्हणून कुणावर उपकारही होत नसत.

तळ्याच्या पाळीखाली झोपडीत एक विधवा बाई राहायची. सोबत आंधळी सासू. कापणीची मजुरी संपली की या सरव्यावरच तिची चूल पेटायची. माझी धाकटी बहीण भारे बांधू लागायची तेव्हा ती बाई येताना दिसली, की मूठभर लोंब्या मुद्दाम खाली सांडायची. कुणाला काही बोलायची नाही.

मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो, तो डोक्यात भाषणं भरूनच. प्रत्येक तरुणाने काहीतरी लहानसं करावं, मग देशातली गरिबी जाईल. चार मित्र जमवून मंडळ काढलं. बांध्यांत पडलेलं धान वाया जातं, ते आपण श्रमदानाने वेचू आणि गरिबांना वाटू, असं ठरलं.

बाबा म्हणाले, "पडलेल्या लोंबीले आपण हात लावत नाई."

"काहून? वाया जाते ना."

"कोणाच्या पोटात गेलं, तं वाया जाते काय?"

मी त्यांना अडाणी म्हणालो. शिकलेल्या पोराशी वाद कशाला, म्हणून ते उठून बाहेर गेले.

सकाळी आम्ही बांधीत उतरलो, तेव्हा ती बाई आधीच वेचत होती.

"ए बाई, निघ बांधीतून," मी म्हणालो.

"काहून गा, बापू?"

"हे आता मंडळाचं आहे. गरिबायसाठी गोळा करून राहिलो."

तिने आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मंग मी कोण हावो? पाटलीण?"

पोरं हसली. मला ते हसणं लागलं. मी तिची टोपली ओढून घेतली आणि लोंब्या आमच्या पोत्यात ओतल्या. "तुले बी भेटन. सगळ्यायले सारखं भेटन."

"टोपली तं वापस दे गा," एक मित्र म्हणाला, "नाई तं मंडळावर चोरीचा आळ येईन."

पुन्हा हशा. मी टोपली तिच्या पायाशी फेकली. धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, उभी असलेली बहीण म्हणाली, "दादा, आधी तिले विचार तं, तिले काय पायजे."

"तू घरी जा, भात शिजव," मी म्हणालो. मग बहिणीने मुद्दाम सांडलेल्या लोंब्याही आम्ही तिच्यादेखत वेचल्या.

वाटपाचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. मंडप, पाहुणे, फोटोवाला. फुकटचं धान म्हटल्यावर घरी कोठी भरलेली माणसंही रांगेत उभी राहिली. आम्ही कुणाला नाही म्हटलं नाही. बाई सासूचा हात धरून आली. मी तिला थैली दिली आणि तोंडापुढे माईक धरला. "मावशी, दोन शब्द बोला."

"काय बोलू जी? धान माहंच हाये," ती म्हणाली. "थैली तुमची हाये, ते ठेवा." आणि तिने धान पदरात ओतून रिकामी थैली टेबलावर ठेवली.

फोटो निघाला नव्हता. मंडळाचं नाव थैलीवर होतं, ते दिसायला हवं होतं. मी तिला सगळ्यांदेखत पदरातलं धान पुन्हा थैलीत भरायला लावलं. तिने भरलं. घरी चूल पेटवायची होती. भरताना दाणे सांडले, ते तिची सासू जमिनीवर चाचपडत वेचत राहिली. मी माईकवर म्हणालो, "यांना कामाची सवय लावली, तर गरिबी राहणार नाही." टाळ्या पडल्या. तो फोटो परवापर्यंत माझ्या बैठकीत होता.

तिच्या वाट्याचं धान शिमग्यापर्यंतही पुरलं नाही. पुढच्या वर्षी मंडळ राहिलं नाही. पण आमची पोती गावाने पाहिली होती. एवढं धान निघतं तर सोडायचं कशाला, म्हणून मालकांनी सालदारांकडून सरवा वेचून घेतला. आमच्याही बांधीत. बहीण तशीच मूठभर सांडायची, मागून सालदार उचलायचा.

उन्हाळ्यात सासू गेली. आजाराने गेली, असं मी सगळ्यांना सांगत असे. बाई गाव सोडून नाकाडोंगरीकडे खाणीवर कामाला गेली.

सन ऐंशीनंतर एका लग्नासाठी मी तिकडे गेलो होतो. परतताना बसची वाट पाहत होतो, तेव्हा डोक्यावर रिकामं घमेलं उपडं घातलेली एक बाई समोर थांबली. मी ओळखलं आणि दुसरीकडे पाहिलं.

"बापू ना तुमी? अजून गरिबी हटवून राहिले काय?"

तोंडातून निघालं, "काही मदत लागली तं सांगा, मावशी."

ती मोठ्याने हसली. "नको गा बापू. उरलं हाये, तेवढं राहू द्या." मग हसू थांबवून तिने विचारलं, "तुमची बहीण कशी हाये? लई लोंब्या सांडायची पोरगी."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. बस आली. मी चढलो, खिडकीपाशी बसलो. ती खालीच उभी होती, काच उघडी होती, आणि म्हणायचं राहिलं ते एवढंच होतं: बाई, त्या लोंब्या तुमच्या होत्या. म्या तुमच्या टोपलीतून काढल्या. मले माफ करा.