तात्यांचा तळहात

पावसाळाभर झावळ्यांखाली झाकून ठेवलेली वसंताची होडी नारळी पौर्णिमेनंतर खाडीत उतरली, आणि इंजिन काही सुरू होईना. कुंकू लावून झालं, नारळ वाढवून झाला, डिझेल बदलून झालं. हँडल फिरवून फिरवून वसंताचे खांदे भरून आले, तेव्हा त्यानं तात्यांना बोलावलं. तात्या आमच्या बंदरावरचे जुने मिस्त्री. जन्मभर इंजिनांच्या धडधडाटात राहून दोन्ही कानांनी ठार बहिरे झालेले. मी धक्क्यावर उभा होतो. मनात आलं, यांना इंजिनाचं काय कळणार?

तात्यांनी वसंताला हँडल फिरवायची खूण केली आणि हवेच्या नळीच्या तोंडावर तळहात धरला. डोळे मिटले.

"नळी हात आत ओढत नाही रे," ते म्हणाले. "याचा श्वास कोंडलाय."

वसंतानं जीभ चावली. नळीला ऊन लागावं म्हणून तिच्या तोंडावरचं फडकं त्यानं आठवडाभर आधीच सोडून ठेवलं होतं. तात्यांनी आत तार घालून उकरलं, तर वाळलेल्या मातीचे तुकडे पडले. कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं. चिमूटभर चिखलानं अख्खी होडी अडवली होती!

मी मात्र त्या काळ्या, भेगाळलेल्या तळहाताकडेच बघत राहिलो. कान गेले, तेव्हा ऐकणं बहुधा हळूहळू तिथं उतरलं असावं.

वसंतानं पुन्हा हँडल मारलं. तात्यांचा हात नळीवरच होता. इंजिन धडधडलं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पण तात्या त्याच्या आधीच हसले होते.