आत्याबाईंचं नाव घेणं

आमच्या आत्याबाईंइतक्या मोठ्यानं नवऱ्याचं नाव घेणारी बाई निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरी झाली नाही. त्या काळी जालन्यात बायका नवऱ्याचं नाव लग्नात, डोहाळजेवणात, फार तर मंगळागौरीला घ्यायच्या. तेही उखाण्यात गुंडाळून, पदराआडून, निम्मं गिळून. आत्याबाई रोज सकाळी ओट्यावर उभ्या राहून, कुंडलिका नदीच्या पल्याड ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायच्या, "त्र्यंबक!" आणि तहशिलीत अहलकार, म्हणजे कारकून असलेले, कचेरीत चारजणांना दरडावणारे त्यांचे यजमान परसात तुळशीला पाणी घालता घालता शाळेतल्या हजेरीसारखी "ओ!" द्यायचे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्यांच्या घराची नि आमच्या घराची मधली भिंत एकच होती. मी नवी सून. मला सोळावं लागलं होतं, अक्कल मात्र अजून माहेराहून यायची होती. ती आरोळी आली की मी दोन्ही कानांवर हात ठेवायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की आमच्या ह्यांच्या नावात 'हरी' आहे म्हणून मी हरभऱ्याला 'घोड्याचा दाणा' म्हणायची. एकदा सासूबाईंनी डाळ निवडायला सांगितली, तर मी विचारलं, "तुरीची का घोड्याची?" त्यावर भिंतीपलीकडून आत्याबाई हसल्या. त्या हसल्या की भिंतीचे पोपडे पडायचे.

हे नाव घेण्याचं वेड मात्र त्यांना जन्मापासूनचं नव्हतं. ते त्यांनी हैदराबादहून आणलं होतं. माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांचं डोकं दुखून दुखून भिंतीवर आपटायची पाळी आली. लेप झाले, अंगारे झाले, घनसावंगीकडच्या कुणा भगतानं लिंबं उतरवून झाली. मग एक डोळा अंधारला, हातातली भांडी आपोआप पडायला लागली, तेव्हा काकांनी त्यांना हैदराबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. (आत्याबाईंच्या यजमानांना आम्ही सगळे काका म्हणायचो.) डोक्यात गाठ निघाली. कवटी उघडून ती काढली म्हणे. जालन्यात कुणाला हे खरंच वाटेना. नारळ उघडतात, पेटी उघडतात, माणसाचं डोकं कसं उघडतील? आता काही ही बाई परत येत नाही, असं धरून चार बायका येऊन आमच्याकडं आगाऊ रडूनसुद्धा गेल्या.

त्या आल्या. आम्ही स्टेशनावर गेलो होतो. गाडीतून आधी काठी उतरली, मग आत्याबाई, आणि उतरताना पदर मागं पडला. पाहते तर डोक्यावर एक केस नाही! आमच्या घरांत तेव्हा केस उतरवलेली बाई म्हणजे एकच, नवरा गेलेली. माझ्या अकलेनं तिथल्या तिथं हिशोब केला आणि मी प्लॅटफॉर्मवर बसकण मारून गळा काढला, "काका, कुठं हो गेलात आम्हाला टाकून!"

"इथंच हाय," मागून काका म्हणाले, "ही वळकटी धर आधी."

आत्याबाई काठी टेकत माझ्यापुढं आल्या. "येडे, माझं डोकं उघडलं, त्यांचं न्हाई. ऊठ. आन् गळा चांगला हाय तुझा, येळेला कामाला यील."

दवाखान्यातली हकीकत त्या स्वतःच सांगायच्या, प्रत्येक वेळी थोडी वाढवून. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर रोज सकाळी खाटेशी येऊन विचारायचा, "अम्मा, शौहर का नाम बोलो." या बाई मान खाली घालून लाजायच्या. परक्या पुरुषापुढं नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? डॉक्टर मान हलवून कागदावर लिहायचा. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं सांगितलं, तुमची याददाश्त गेली असं ते लिहून राह्यलेत, घरी सोडणार न्हाईत. आत्याबाई उठून बसल्या. डॉक्टर आला तसा पदर सावरून त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा उखाणा घातला:

"हैदराबादच्या दवाखान्यात लोखंडाची खाट,
त्र्यंबकरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट!"

डॉक्टरला मधला एकच शब्द कळला, पण तेवढा पुरे होता. त्र्यंबक हे नाव धडधाकट माणसाच्या जिभेलाही अडतं. त्यानं काकांना बजावलं, गाठ पुन्हा वाढू शकते. अम्मांनी हे नाव रोज घ्यावं, आणि ज्या दिवशी नीट निघणार नाही त्या दिवशी आम्हाला कळवावं. म्हणून ती आरोळी. लोक सकाळी नाडी बघतात, आत्याबाई नवरा बघायच्या.

डॉक्टरनं सांगितलेली बाकीची पथ्यंही त्यांनी अशीच, गावाला ऐकू जातील इतक्या मोठ्यानं पाळली. डोक्याला ऊन नको, मार नको. तर त्यांनी काकांची कचेरीची जुनी रुमी टोपी घेतली, आत कापूस ठासला, गोंडा कापला आणि वरून पदर घेतला. त्या बाजारातून निघाल्या की देवळाचं शिखर चालत आल्यासारखं दिसायचं. उपाशी राहायचं नाही, नाहीतर फेफरं येईल. तर एकादशीला ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. कुणी काही म्हणायच्या आत त्याच म्हणायच्या, "देवाला माझं डोकं आतून दिसलेलं हाय. त्याला बिलकुल गैरसमज न्हाई." संध्याकाळची गोळी मशिदीतल्या अजानीवर. ढग असले, घड्याळ बंद पडलं तरी गोळी कधी चुकली नाही. दुपारची झोप मात्र इतकी कडक, की एकदा महसुलाच्या तपासणीला दारी आलेल्या गिरदावर साहेबांना त्यांनी खिडकीतून सांगितलं, "साहेब, माझं डोकं आता बंद हाय. चारनंतर उघडतं." आणि मला सक्त ताकीद होती: "फेफरं आलं तर कुशीवर कर, बाजूची भांडी सरकव, आन् गप बस. नाकाला कांदा-जोडा लावशील तर उठल्यावर तोच जोडा तुला." पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी अर्थातच कांदा शोधायला पळाले. कांदा सापडेपर्यंत त्या उठून बसल्या होत्या. "आणलायस तसा चीर आता," म्हणाल्या, "भाकरीसंगं खाऊ."

चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या मला घेऊन गेल्या. टोपी घरी ठेवून, मुद्दाम. केस अजून बोटभरही नव्हते. यजमानीण करंडा घेऊन आली, आत्याबाईंपाशी थबकली आणि त्यांच्या डोक्याकडं बघत राहिली. बाकीच्या बायकांनी बांगड्यासुद्धा वाजू दिल्या नाहीत.

"वर काय बघू राह्यलीस, बाई?" आत्याबाई म्हणाल्या. "कुंकू कपाळाला लावतेत, टाळूला न्हाई. कपाळ हे इथं हाय, जागच्या जागी."

तिनं जेमतेम टिकलीएवढं कुंकू लावलं. आत्याबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "अजून लाव. मोठं लाव. लांबून दिसाया पायजे." परत येताना एक शेजारीण मागून पुटपुटली, ही रोज नाव घेते, नवऱ्याचं आयुष्य घटवून राह्यलीये. आत्याबाई गर्रकन वळल्या. "घटू दे की जरा. मंग दोघांचं बराबर होईल. मागं कुणी ऱ्हायाला नको." आणि सगळ्या रस्त्यानं हसत आल्या. मी रस्ताभर 'राम राम' म्हणत होते.

सहा वर्षं ती आरोळी चालली. मग त्यातला 'य' गळाला, त्रिंबक झालं. मी म्हटलं, लाडानं म्हणत असतील. पुढं तिंबक झालं. त्याच सुमाराला काका उतावीळ झाले, असं मला वाटायला लागलं. हाक पुरी व्हायच्या आत यांची "ओ!" यायची, आणि तीही एवढी मोठी की बाकीचं नाव तिच्यात बुडून जायचं. मी ह्यांना म्हणालेसुद्धा, काकांना म्हातारपणी दम उरला नाही. हाकेतली गेलेली अक्षरं कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून ते ओ पुढं ढकलत होते, हे कळायला मला त्यांच्या डोळ्यांकडं बघावं लागलं, आणि सासरच्या पुरुषांच्या डोळ्यांकडं बघायची तेव्हा पद्धत नव्हती.

रझाकारांचे दिवस होते; गाड्यांचा भरवसा नव्हता. तरी काकांनी हैदराबादला न्यायची बांधाबांध केली. आत्याबाईंनी वळकटी सोडून तिच्यावरच दुपारची झोप काढली. उठल्यावर एकेक शब्द शोधून म्हणाल्या, "एकदा उघडली पेटी. आता... कुलूप. सहा वर्षं खाल्ली की मी, एकादशीसकट." शेवटच्या महिन्यात नुसतं "बक" उरलं होतं. टोपी घालून, माझ्या खांद्याला धरून ओट्यावर यायच्या आणि तेवढंच ओरडायच्या. अर्धवट म्हणून लाजल्या नाहीत की हळू बोलल्या नाहीत. एका सकाळी तोंड उघडलं, आवाज आला नाही. परसातून "ओ!" मात्र आली, बराबर वेळेवर.

त्या गेल्यावर पलीकडं सकाळी तांब्याचाही आवाज येईना. काका तुळशीपाशी उभे राहतात आणि पाणी न घालताच आत जातात, असं सासूबाई म्हणाल्या. तेराव्यानंतरच्या सकाळी मी हरभरा निवडत बसले होते. काय झालं कोण जाणे, सूप खाली ठेवलं, भिंतीपाशी गेले आणि स्टेशनावर काढला होता तोच गळा काढून, सासऱ्यांच्या जागच्या माणसाला, ओरडले, "त्र्यंबक!"

घरातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मी डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळानं पलीकडून "ओ" आली. आणि तिच्यामागून तुळशीत पाणी पडल्याचा आवाज.