आडवा घे

मिरजेत आकाराम साळुंखेला लोक तोंडावर हवालदार म्हणत आणि पाठीमागं करवत. पलटणीच्या फुटबॉल संघात तो अठरा वर्षं बचावाला खेळला होता, आणि तेवढ्या काळात त्यानं तीन माणसांचे पाय मोडले होते. कुणी न विचारताच तो हे सांगे. फौजेतून सुटल्यावर कराडकडचा ऊस भावावर सोपवून तो बायकोच्या माहेरी मिरजेत येऊन राहिला, तेही फक्त इथं फुटबॉल होता म्हणून.

त्याच्या गल्लीचे शर्ट पिवळे, म्हणून तो संघ ब्राझील. पलीकडच्या वस्तीतली बौद्ध पोरं अर्जेंटिना झाली, कारण त्या देशाच्या शर्टावर निळा रंग होता. आपल्या पोरांचा सराव घेऊन झाला की आकाराम खऱ्या ब्राझील-अर्जेंटिनाचं वैर रंगवून सांगे. १९४६ साली ब्राझीलच्या खेळाडूशी भिडताना अर्जेंटिनाच्या कप्तानाचा पाय मोडला, लोक मैदानात घुसले, पोलिसांनी ब्राझीलवाल्यांनाच बडवलं आणि पुढं दहा वर्षं दोघं एकमेकांशी खेळले नाहीत. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, ही भर त्याच्या पदरची.

त्यानं पोरांना एक आरोळी शिकवली होती, ‘आडवा घे’. बॉल जाऊ दे, येणारा माणूस लोळव, असा तिचा अर्थ.

१९९० च्या उन्हाळ्यात मात्र त्याचं मन अर्जेंटिनाच्या मिलिंद कांबळेवर बसलं. असं पळणारं पोर त्यानं पलटणीतही पाहिलं नव्हतं. त्यानं जुन्या साहेबांना पत्र घातलं, आणि फौजेतल्या खेळाडूंच्या भरतीसाठी दहा जुलैला बेळगावात मिलिंदची ट्रायल ठरली. मिलिंदची आई पारूबाई एका दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत आया होती. आकाराम साहेबांचं उत्तर घेऊन दारात आला तेव्हा तिनं आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, आमचाच का?

“तुमचा पळतोय,” तो म्हणाला, “आमची नुसती लाथा घालत्यात.” आणि तांब्या रिकामा करूनच उठला.

चोवीस जूनला टीव्हीवर विश्वचषकाचा सामना झाला. ब्राझीलनं सारा वेळ हल्ले केले, तीनदा बॉल खांबाला लागला. शेवटच्या दहा मिनिटांत अर्जेंटिनानं एकच गोल केला आणि ब्राझील घरी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा शर्ट घातलेलं गाढव आकारामच्या गल्लीतून फिरलं. दुपारी सायकलच्या साखळीनं वस्तीतल्या एकाचं डोकं फुटलं. रविवारी, एक जुलैला, दोन्ही गल्ल्यांचा सामना होता. तो पुढं ढकला म्हणून आकारामनं सामने भरवणाऱ्या मंडळाच्या नानासोंना विनवलं. हवालदार शांततेच्या गोष्टी कवापास्नं करायला लागलं, म्हणून नानासो हसले.

आकारामनं मग आपल्या बचावपटूला, गुंडाला, बाजूला घेऊन बजावलं, की मिलिंदच्या अंगाला लागायचं नाही.

पहिल्या अर्ध्यात एक नाक फुटलं, एक दात पडला, पण मिलिंद शाबूत राहिला. दुसऱ्या अर्ध्यात तो चिखलातून बॉल घेऊन सुटला. बॉल पायापुढं जरा लांब गेला आणि गुंडानं तो गाठला. उजवीकडं आपलाच केरबा मोकळा उभा होता. बॉल तिकडं आडवा काढावा, मिलिंदशी भिडूच नये, एवढंच आकारामच्या मनात होतं. त्यानं ओरडून सांगितलं, “गुंडा, आडवा घे.”

गुंडानं बॉल सोडला आणि दोन्ही पायांनी मिलिंदच्या नडगीवर उडी घातली.

नडगी मधोमध वाकली. मग दोन्हीकडून झेंड्यांचे बांबू आणि दगड चालले. आकारामला त्यातलं काही दिसत नव्हतं. तो गुंडाला हातातल्या छडीनं मारत होता, तोंडावर, हातावर, छडी तुटली तेव्हा मुठीनं.

“आवं, तुमीच म्हणालासा की,” गुंडा रक्त थुंकत म्हणाला, “आडवा घे.”

आकारामची मूठ तिथंच थांबली.

दिवस मावळायला वस्तीतली दहा-बारा पोरं गज घेऊन गुंडाच्या घरावर चालून आली. उंबऱ्यावर आकाराम उभा होता. “शबुद माझा हुता,” तो म्हणाला, “मला घ्या.” परेडला विश्राम म्हटल्यावर उभं राहतात तसे त्यानं हात पाठीमागं धरले. दुसऱ्या घावाला गळ्याजवळचं हाड मोडलं, पाचव्याला तो पडला. पडल्यावरही त्यांनी मारलं, पण हात त्यानं पुढं आणले नाहीत.

प्लास्टरच्या खोलीत पट्टी बांधायला पारूबाईच होती. त्याआधी पोराचा पायही तिनंच धरून ठेवला होता, डॉक्टर हाड ओढून बसवत असताना. आकारामनं तिला आरोळी कुणाची ते सांगितलं. तिला ते कळलेलंच होतं. तिनं पट्टी अशी आवळली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“धा तारखेला बेळगावला जावा,” ती म्हणाली. “पोरगं भ्यालं म्हणून आलं न्हाई, असं वाटाया नगं साहेबाला. पाय कसा मोडला ते तुमच्या तोंडानं सांगा.”

तो गेला. गळ्यात हात बांधून एसटीनं गेला, दारावर दोन तास थांबला आणि साहेबांपुढं सगळं सांगितलं, गाढवापासून आरोळीपर्यंत. साहेबांनी कागद चाळून मिलिंदची जन्मतारीख पाहिली. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, असं म्हणून त्यांनी त्याच्या नावावर रेघ ओढली आणि दुसरा कागद पुढं घेतला. जा म्हणेपर्यंत आकाराम तिथंच उभा राहिला.