दाखला न देणारे डॉक्टर

"तोंड बघू," हे आमच्या ढोरांच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य. तुम्ही नमस्कार करा, चहा विचारा, ते आधी जनावराच्या ओठात अंगठा घालून जीभ बाहेर ओढणार. मुरबाडजवळच्या एका लग्नात नवरदेव बैलगाडीतून आला, तर यांनी आधी बैलांची तोंडं तपासली आणि मग नवऱ्याच्या हातात आहेर ठेवला. नवऱ्याची आई त्यांच्यावर बरेच दिवस रुसून होती.

मी बोकडांचा व्यापारी. सिद्धगडाच्या पायथ्याशी एका पाड्यातल्या बायकांनी गट करून बोकड पाळले होते. दोन वर्षं खटपट करून मी त्यांच्यासाठी आखातातली ऑर्डर मिळवली. बोकड इथून कत्तलखान्यात आणि तिथून मटण विमानानं पलीकडे. पहिल्या खेपेचे चाळीस बोकड तयार होते, टेम्पो उभा होता. फक्त डॉक्टरांचा दाखला बाकी होता.

इथली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. घरचं जनावर कायमचं निघालं की घरची बाई त्याला तळहातावरचं मीठ चाटवते. त्या दिवशी गटातली थोरली म्हणून एका म्हातारीनंच चाळीसही बोकडांना मीठ दिलं, एकाच हातानं. डॉक्टर पोचले तेव्हा ती डोळे पुसत होती.

सतराव्या बोकडाच्या जिभेवर फोड निघाले. लाळ्या-खुरकूत.

"तेवढा एक बाजूला काढा ना डॉक्टर. बाकीचे चांगले आहेत," मी म्हणालो.

"आज आहेत," ते म्हणाले. मग म्हातारीचा हात बादलीवर धरून त्यांनी स्वतः सोड्याच्या पाण्यानं धुतला. "आजी, त्याचं तोंड आलंय. त्याच हातानं तुमी सगळ्यांना चाटवलंत. आता एकबी जायाचा नाय."

मी विनवलं, मग आवाज चढवला. ते खाली मान घालून दाखल्याऐवजी रोगाची नोंद लिहीत बसले. "इथं लपवलं आणि तिकडं सापडलं, तर ती माणसं एक पाडा नाय बंद करत, आख्खा देश बंद करतात," एवढंच म्हणाले. टेम्पो रिकामा परतला, ऑर्डर गेली.

पुढचे तीन आठवडे ते रोज मोटारसायकलवर येत राहिले. खुरं धुवायची, तोंडाला औषध लावायचं, आजूबाजूच्या पाड्यांत लस टोचायची. कुणी त्यांना पाणीसुद्धा विचारत नव्हतं. ते आपली बाटली बरोबर आणायचे आणि काम संपेपर्यंत हलायचे नाहीत. एकही बोकड दगावला नाही. मला त्याचं कौतुक वाटलं नाही. हे व्यापारात अडथळा आणतात, अशी तक्रार मी वर पाठवली, आणि काही महिन्यांत त्यांची बदली झाली. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

त्याच हंगामात दुसऱ्या कुठल्याशा भागातून गेलेल्या मालाचा आखातातल्या लोकांनी माग काढला, तर हाच रोग निघाला. तिथे कुणी नोंदच केली नव्हती. तिकडच्या देशानं आपल्याकडचं सगळं मटण बंद केलं.

वर्षभरानं पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा तिकडचा एक अधिकारी गावं निवडायला आला. रोग दिसला त्याच दिवशी लिहिलेली नोंद त्याला फक्त आमच्या पाड्याची मिळाली होती. पहिली खेप इथूनच घेऊ, असं तो हिंदीत म्हणाला, आणि मग त्यानं विचारलं, हे डॉक्टर कुठे आहेत?

"त्यांची बदली झाली," मी म्हणालो.

"कशापायी?" म्हातारीनं विचारलं.

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. खोटं बोलायचं मनात आलं, पण जमलं नाही. "मी तक्रार केली होती."

मग म्हातारी म्हणाली, "कागद काढ रे. त्यांना परत पाठवा म्हून लिव. आमी सगळ्या सह्या करतो."

अर्ज गेला. डॉक्टर गेल्याच महिन्यात निवृत्त झाले, असं उत्तर आलं. वाशिंदला त्यांचं घर आहे, हे मला ठाऊक होतं. म्हातारीनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मंग तू जा," ती म्हणाली, "आन् तू काय केलंस ते सोता सांग त्यांना."

बोकड आता दर महिन्याला जातात. वाशिंद इथून तासाभराच्या वाटेवर आहे. मी अजून गेलेलो नाही.