लाभापासून मोजणारे मामा

धान्यबाजारात हमाल-मापाऱ्यांची फुप्फुसं तपासायला मी गेले होते. तपासणी सोपी: छातीभर श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत आकडे मोजायचे. पन्नाशीचे एक मापारी अंगावरची धूळ झटकून समोर बसले.

"लाभ... लाभ... दोन... दोन..." सातवरच त्यांचा दम संपला.

मी त्यांना बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायच्या यादीत लिहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्यं काम बंद, मॅडम?"

शेजारी धान्य चाळणारी बाई हसली. "अवो मॅडम, मामा पोते मोजून राह्यले! मापात एकाले लाभ म्हणतात अन् आकडा लांबवून दोनदा घेतात."

"मग साधं मोजा, मामा."

या वेळी ते चाळिसाच्या पुढे गेले. मी नाव खोडलं.

"दम लय हाय," ते खुशीत म्हणाले, "पण एक म्हणायले जीभच वळत नव्हती."