एक जानेवारी अठ्ठ्याण्णव

नव्याण्णव साल सरत आलं होतं आणि मी नगरला कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीच्या एका दुकानात नोकरीला होते. दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी आवई उठली होती. दुकानातला फोन दिवसभर त्या एकाच प्रश्नासाठी खणखणायचा आणि तेच ते उत्तर देऊन मी पार कावून गेले होते. त्यात श्रीगोंद्याहून एका बाईचा फोन आला. "कॉम्प्युटर चालू होतोय, पन आवाज येत न्हाई." मला हायसंच वाटलं. आवाज नसणं हा साधा आजार. बहुतेक वेळा स्पीकरची पिन चुकीच्या भोकात असते आणि तेवढं बघायला मला एसटीतून हाडं खिळखिळी करून घेत जावं लागतं.

गळिताचा हंगाम होता. पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे आमची एसटी, आणि सगळ्या रस्त्याला मळीचा वास. घर स्टँडपासून जवळच निघालं. दारावर 'मराठी-इंग्रजी टायपिंग करून मिळेल' अशी पाटी होती. दारात खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. साखर कारखान्यातून रिटायर झालेला वायरमन, हे मला नंतर कळलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी पाठवली व्हय?"

"पोरगीच आहे. चालेल का?" मी म्हटलं. असल्या प्रश्नांची मला सवय होती. म्हातारा हसला नाही, पण पाय आवरून त्याने वाट दिली.

फोन करणारी त्याची सून, माझ्याच वयाची. टायपिंगचं काम तिच्या नवऱ्याने सुरू केलं होतं. उन्हाळ्यात तो मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून काम ती बघत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली त्याचा हार घातलेला फोटो. टीव्हीवर चादर टाकलेली. घरात ही दोघंच राहत होती. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, तेही गरज पडली तरच.

मी पिन बघितली, बरोबर होती. स्पीकर माझ्या वॉकमनला लावून बघितले, ठणठणीत होते. कॉम्प्युटरचं म्हणणं मात्र असं, की आवाजाचा भाग माझ्यात बसवलेलाच नाही. मी टेबलाखाली शिरले तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, कायबी करा पन आवाज आना. मी टायपिंग करताना बारीक आवाजात गान्यांची सीडी लावायचे. ह्या घरात दुसरं कोनी बोलत न्हाई. परवा भाजीवाल्याला भाव विचारायला गेले तर माझाच आवाज मला वळखू आला न्हाई."

आतल्या सेटिंगमध्ये गेले आणि कारण सापडलं. त्या मशीनला आवाजाचं वेगळं कार्ड नव्हतं, आवाजाचा भाग मदरबोर्डवरच होता. आम्ही विकताना तो चालू करून दिला होता. पण बोर्डाला आपल्या सेटिंग लक्षात ठेवायला रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल लागतो. तो सेल संपला होता. मग वीज गेली की बोर्ड सगळं विसरायचा. आवाज बंद व्हायचा आणि तारीख जायची तो बोर्ड ज्या वर्षी बनला त्या वर्षाच्या सुरुवातीला. एक जानेवारी अठ्ठ्याण्णव. त्या तारखेपायी कोणाचा तरी छापलेला अर्ज ऑफिसातून परत आला होता आणि तो माणूस घरी येऊन भांडून गेला होता. मी नवा सेल घातला, तारीख बदलली, आवाज चालू केला. मशीन सुरू होताना स्पीकरमधून ती चार सुरांची धून आली आणि बाईने तोंडावर पदर धरला. सासरे उठून अंगणात गेले. दुःखाचं घर आहे, चालायचंच, असं मी मनाशी म्हटलं.

थोड्याच दिवसांत पुन्हा फोन. आवाज गेला, तारीख अठ्ठ्याण्णवची. सेल पुरवणाऱ्याला मी शिव्या घातल्या आणि दुसरा सेल घेऊन गेले. या वेळी बाईचा चेहरा उतरलेला होता. चहा करायच्या निमित्ताने ती मला आत घेऊन गेली. "ताई, मी दुपारी बाजारात जाते, न्हाईतर धुन्याला. बंद करून जाते. परत येऊन बघते तर खुर्ची सरकलेली आन पडद्याला हात लावला तर गरम." मग आणखी खालच्या आवाजात, "ते येत असतील का ओ?"

मी तिला चक्क झापलं. मशीन आहे ते, त्यात कोणी येत नाही की जात नाही. असले प्रश्न मला अजिबात खपायचे नाहीत. पण मशीन उघडून बसले, आणि त्या मोकळ्या खुर्चीकडे माझी पाठ होती, ते काही मला सहन होईना. मी मुकाट्याने तिरकी बसून, खुर्चीवर एक डोळा ठेवून काम केलं. परतीच्या एसटीत कोणीतरी "इथं बसू का?" असं विचारलं तर केवढ्याने तरी दचकले.

तिसऱ्या खेपेला मी सेलचं नवं पाकीटच बरोबर नेलं होतं. मशीन उघडलं आणि हात तसाच थांबला. सेलची जागा रिकामी होती. मेलेला सेल असतो, सैल झालेला असतो. पण आपल्या पायाने चालत जाणारा सेल मी कधी बघितला नव्हता. बाईने माझा दंड घट्ट धरला.

"मी काढला," दारातून सासरे म्हणाले.

ते आत आले, कॉटवर टेकले. आवाज असा, की शब्द बरेच दिवस आतच पडून राहिलेले असावेत. "पैला सेल आपसूक मेला. तवा बघितलं, तारीख मागं गेल्ती. अठ्ठ्यान्नव. मनात म्हनलं, तवा तर पोरगा हुता. मी डुटीवरनं यायचो आन तो जेवायचा थांबलेला असायचा. मागल्या बारीला तुमच्या नव्या सेलाजागी मी मेलेलाच परत घातला हुता. आता सूनबाई भाईर गेली की बसतो जरा. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बान न्येला की तारीख दिसती. लई काय करत न्हाई मी. नुसता बघतो. तिथं त्याला अजून काय झालेलं न्हाई."

मला रडू फुटलं. मी डोक्याने चालणारी मुलगी, पण डोकं त्या घटकेला कुठेच नव्हतं. मग ते हळूहळू जागेवर आलं आणि, खोटं कशाला सांगू, मला फार शहाण्यासारखा उपाय सुचला. आवाजाचं एक वेगळं कार्ड मिळतं. ते बसवलं की बोर्डावरचा आवाज बंद असला तरी काही अडत नाही, आणि त्या कार्डाला या सेलशी काही घेणंदेणं नसतं. म्हणजे हिला गाणी ऐकू येतील आणि यांची तारीख यांच्यापाशी राहील. मी ते दोघांना समजावून सांगितलं. सासऱ्यांनी मान वर केली. किती महिन्यांनी त्यांना कोणी काहीतरी देऊ करत होतं.

"म्हंजे तारीख मागंच ऱ्हानार?" तिने मला विचारलं.

"हो. अर्ज छापताना तेवढी हाताने घालायची."

तिने उघड्या मशीनकडे बघितलं. मग सासऱ्यांकडे वळली. रागावलेली नव्हती. घाबरलेली होती.

"मामा, त्या तारखेला मी ह्या घरात न्हाई. माझं लगीन त्यानंतरच्या उन्हाळ्यात झालं. तिथं तुमी आन हे, दोघंच हाय." तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "ते तिथं गेले, तुमीबी तिथं जाऊन बसता. मग हितं माझं कोन हाय?"

म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं. हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं. माझ्याही मनाला कुठे शिवला होता? बाहेर एक ट्रॅक्टर गेला, त्याचा टेप मोठ्याने वाजत होता.

मग सासऱ्यांनी माझ्यापुढे हात केला. मी पाकिटातला सेल त्यांच्या तळव्यावर ठेवला. ते खाली बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि सेल जागेवर ठेवून अंगठ्याने दाबला. अंगठा उचलायला त्यांना वेळ लागला. मी मशीन चालू केलं, आवाजाची सेटिंग बदलली आणि तारखेच्या ओळीवर येऊन थांबले.

"तारीख तू घाल," ते सुनेला म्हणाले.

ती खुर्चीवर बसली. बोट बटणावर ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. "आज किती तारीख हाय, ताई?"

मी सांगायच्या आत सासऱ्यांनी सांगितली, वारासकट. बरोबर होती.