सेकंदाचा पंचविसावा भाग

१७ जानेवारी १९६७, मंगळवार. पांढरकवड्याच्या त्या खोलीचे कुलूप काढून मी आत गेले ती केरसुणी हातात घेऊनच. जावईबापूंना जाऊन महिना झाला होता. खोली भाड्याची, सामान थोडे, आणि ते आवरायला माझ्याखेरीज कोणी नव्हते. आमच्या जावईबापूंनी जितके कॅमेरे बरे केले तितके रोगी जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांनी मिळून बरे केले नसतील. आणि कॅमेरा जवळ असून त्यांनी जितके कमी फोटो काढले, तितके कमी तर कॅमेरा नसलेल्यानेही काढले नसतील. हे मी कौतुकाने सांगत नाही. जे पाहिले ते सांगते.

ते माझ्या नणंदेचे यजमान. सासूबाई त्यांना जावईबापू म्हणत, म्हणून मी म्हणे, म्हणून आमची गल्ली म्हणे, आणि शेवटी घाटंजीच्या बाजारातली मिरच्या विकणारी बाईसुद्धा म्हणू लागली. लग्नानंतर चार वर्षांनी नणंद विषमज्वराने गेली. मूलबाळ नव्हते. नाते तिथेच संपायचे, पण तसे त्यांनाही वाटले नाही आणि आम्हालाही कधी सुचले नाही. दर बाजाराच्या दिवशी ते पांढरकवड्याहून सकाळच्या मोटारीने घाटंजीला आमच्याकडे येत, ओसरीवर बसत, जेवत आणि संध्याकाळच्या मोटारीने परत जात. कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, फिटर होते. अंगाला वंगणाचा वास आणि भुवयांवर कापसाचे तंतू, अशाच अवतारात ते मला आठवतात. जिनाच्या जुन्या साहेबाने देश सोडून जाताना त्यांना आपला कॅमेरा दिला होता. घडीचा, झाकण उघडले की काळ्या चामड्याचा भाता पुढे येणारा. त्या कॅमेऱ्याने या माणसाला पुरते ताब्यात घेतले.

कॅमेरा ते डोळ्याने तपासत नसत, कानाने तपासत. ढाणकीपासून केळापूरपर्यंत कोणाचा कॅमेरा अडला की तो त्यांच्याकडे येई. मग ते तो कानाला लावत, कळ दाबत आणि डोळे मिटून बसत. "पंचविसावा भाग बराबर हाये, पन पूर्ण सेकंद लंगडून राह्यला," असे काहीतरी सांगत. पडदा उघडून मिटायला लागणारा वेळ त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. एकदा आमच्याकडे पंगतीत पाहुणे त्यांना काही विचारत होते आणि जावईबापू घास हातात धरून स्वस्थ. सगळ्यांना वाटले, भाजी खारट झाली. थोड्या वेळाने म्हणाले, "वहिनी, तुमचं घड्याळ दर चौथ्या ठोक्याले अडखळते." घड्याळ काढून पाहिले तर आत पालीचे अंडे निघाले. त्या दिवसापासून मी त्यांच्या कानाला हसणे सोडले. बाकी गोष्टींना हसत राहिले.

भात्याला भोक पडले तर उजेड आत शिरतो आणि फोटो नासतो. ते भोक शोधण्यासाठी ते आमच्या धान्याच्या कोठीत शिरत, दारे-खिडक्यांना गोधड्या लावायला सांगत, आणि भात्याच्या आत बॅटरी पेटवून काळोखात टक लावून बसत. उजेडाचा ठिपका दिसला की त्याला ते चांदणी म्हणत. ठिगळाला छत्रीचे कापड उत्तम, असे त्यांचे मत होते. ते मत त्यांनी आधी अमलात आणले आणि मला नंतर सांगितले. मी दोन पावसाळे भोकाची छत्री वापरली. ठिगळ चिकटवायला चिंचोक्याची खळ केली, ती आमच्या कोठीतल्या झुरळांनी आठवड्यात खाल्ली. पुढच्या वेळी खळीत मोरचूद घातले. झुरळे मेली, ठिगळ टिकले. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा डब्यात घालून आमच्या ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवत. मी ज्वारी काढायला गेले की ओसरीवरून आवाज येई, "वहिनी, सबुरीनं. डाव्या अंगाले झोपला हाये तो."

या सगळ्याच्या मुळाशी एक फोटो होता. नणंद गेली त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तिचा एकुलता एक फोटो काढला. उन्हात तिला उभी करून, पदर सारखा कर, हनवटी वर घे, असे सांगण्यात बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ उघडा भाता उन्हात राहिला. भात्याला सुईच्या टोकाएवढे भोक होते. फोटो आला त्यात लुगड्याच्या काठाची फुले मोजता येत होती, हातातल्या बांगड्या मोजता येत होत्या, आणि तोंडाच्या जागी पांढरा ढग होता. पुन्हा काढू म्हणाले, आणि ते राहून गेले. त्यानंतर त्यांनी माणसाचा फोटो म्हणून काढला नाही. दुसऱ्यांचे कॅमेरे मात्र दुरुस्त करत राहिले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि यवतमाळला शस्त्रक्रिया करायचे ठरले. त्याच्या दीड महिना आधी एका बाजाराच्या दिवशी त्या माजघरातून मला म्हणाल्या, "सूनबाई, त्यायले म्हन, माहा एक फोटो काढून द्या."

इथे एक सांगायला हवे. आमच्याकडे सासू जावयासमोर तोंड उघडे टाकत नाही आणि त्याच्याशी सरळ बोलत नाही. जावईबापूंनी इतक्या वर्षांत सासूबाईंचा चेहरा पाहिलेला नव्हता. पदर पाहिला होता, पायांतली जोडवी पाहिली होती. दोघांमध्ये दाराची एक चौकट असे, एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येई, तरी प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून जायचे.

"वहिनी, त्यायले सांगा, मी मानसाचे फोटो नाही काढत," जावईबापू म्हणाले.

"काहून नाही काढत, इचार."

"एक तं काढाचा म्हनलं तं पाहा लागते. भिंगातून पाह्यलं तरी पाह्यनंच झालं ते."

"भिंगात उलटं दिसते म्हनता ना तुमी?" मी म्हटले.

"उलटं दिसते, पन दिसते तं खरं."

सासूबाईंनी मला आत चुलीपाशी ओढले आणि आवाज खाली केला. "बाई, पोरीचं तोंड दिसन असा एक बी फोटो नाही त्यायच्याजवळ. अन् पोरगी सारी माह्यावर गेलती. नाक माहं, हनवटी माही, हासताना गालाले खळी पडे ते बी माही. त्यायनं मले कधी पाह्यलंच नाही, त्यायले कसं ठाऊक होईन? या अपरेशनात मानूस वाचते का नाही वाचत. त्याच्या आधी त्यायच्याजवळ तेवढं राहू दे."

"मग तसंच सांगतो त्यायले," मी म्हटले.

"नको! सांगशीन तं हात कापतीन त्यायचे, अन् पुन्हा ढग काढून ठेवतीन."

मी बाहेर येऊन सांगितले की कळ मी दाबते, तुम्ही शिकवा. चार बाजार त्यांनी मला रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकवले. श्वास अर्धा सोडायचा, मग दाबायचे. "वहिनी, पंपाचा दांडा नाही दाबून राह्यल्या तुमी. भाकरीवर बोट ठेवता ना, तसं ठेवा." अंतर मोजायला सुतळी, तिला एकेका फुटावर गाठ. फिल्म तेव्हा सहज मिळत नसे. नागपूरहून मागवलेले एक रीळ त्यांनी डब्यात जपून ठेवले होते. त्यात आठ फोटो निघाले असते, पण सासूबाईंनी निक्षून सांगितले, "पदर एकदा खाली घेईन. एकदा म्हंजे एकदाच." म्हणजे चुकायची सोय नव्हती.

त्या सकाळी जावईबापू अर्धा तास कोठीत बसून आले आणि म्हणाले, "एक बी चांदणी नाही." त्यांचा सदरा घामाने भिजला होता. सासूबाईंना ओसरीवर बसवले. सुतळीचे टोक मी त्यांच्या नाकाला पदरावरूनच लावून पाच फूट मोजले. उजेड एकाच अंगाने येत होता, दुसरा गाल अंधारात जात होता. त्यावर जावईबापूंनी उपाय काढला. पांढरे धोतर पाठीवर ताणून बांधले आणि सासूबाईंच्या जवळ, त्यांच्याकडे पाठ करून पाटावर बसले. उन्हाचा उजेड त्यांच्या पाठीवरून परतून बरोबर त्या गालावर पडला.

मी कॅमेऱ्यात पाहिले. "जावईबापू, टोपी येऊन राह्यली. सरका."

ते सरकले, पण मागे पाहायचे नसल्याने उलट्या बाजूला.

"आता खांदा बी आला."

ते आणखी त्याच बाजूला सरकले. पदराआडून हसू ऐकू आले. "त्यायले म्हन, बसा आता तसेच," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर खाली घेतला. हसू अजून तोंडावर होते. मी श्वास अर्धा सोडला आणि भाकरीवर बोट ठेवावे तसे ठेवले.

जावईबापूंनी मान कलती केली. "पंचविसावाच. बराबर गेला. आता पदर घ्याले सांगा."

दुपारी ते रीळ धुऊन फोटो छापायला कोठीत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी दाराशी तूर निवडत बसले होते. पाण्याचा आवाज थांबला. ऊन ओसरीवरून उतरायला लागले तेव्हा दार उघडले. ओला फोटो पितळी ताटात धरून ते माझ्यासमोर खालीच बसले.

"वहिनी, तुमाले ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हटले.

माजघरातून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, त्यायले इचार, बराबर आला का?"

मी तोंड उघडले, पण ते माझ्यासाठी थांबले नाहीत. दाराकडे पाठ करून, पण मोठ्याने म्हणाले, "आला, आई. बराबर आला." संध्याकाळची मोटार त्या दिवशी चुकली.

शस्त्रक्रिया नीट झाली. सासूबाई आणखी दोन वर्षे होत्या, आणि जावईबापूंशी पुन्हा माझ्यामार्फतच बोलल्या.

खोली आवरायला दुपार झाली. हत्यारे आणि कॅमेरा एका पेटीत, कपडे एका गाठोड्यात. भिंतीवर एकच चौकट होती आणि तिच्यावर काळा पडदा. सासूने जावयासमोर तोंड उघडे टाकायचे नाही, हे त्यांनी फोटोतही पाळले होते. पडद्याचे कापड मी लगेच ओळखले. माझ्याच छत्रीचे. खालच्या उजव्या कोपऱ्यावर ते बोटांनी उचलून उचलून विरले होते, काळा रंग पार उडाला होता. मी तो कोपरा बोटांत धरला आणि वर केला. सासूबाई हसत होत्या, खळी पडली होती, आणि कडेला पाठमोरी टोपी आणि पांढरा खांदा. सबंध खोली धुंडाळली, जावईबापू ज्यात आहेत असा दुसरा फोटो कुठेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीला कॅमेरा डब्यात घालून कणगीत पुरला, डाव्या अंगाला. मग ओसरीवर खिळा ठोकून फोटो लावला. पडदा लावला नाही. जावईबापू फोटोत पाठ करूनच बसलेले आहेत.